विंगलेटच्या पोटातला अँटेना: नाशिकमधल्या एका घरगुती विमानाचे प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातल्या व्यक्तींची नावे दिलेली नाहीत आणि शेडचा पत्ताही मोघम ठेवला आहे. विमान बांधणाऱ्या गृहस्थांना इथे ‘काका’ म्हटले आहे. रेडिओची बाजू सांभाळणारी त्यांची सख्खी पुतणी आहे. मोजमापांच्या काही दिवशी मी सोबत होतो. बाकीचे पुतणीच्या वहीवरून आणि दोघांशी झालेल्या बोलण्यावरून लिहिले आहे.

पार्श्वभूमी

नाशिकला विमान म्हटले की ओझर आठवते. १९६४ मध्ये मिग-२१ साठी तिथे कारखाना उभा राहिला, पुढे सुखोई-३० तिथेच जोडली जाऊ लागली. या कारखान्यात पत्रा ठोकून, रिव्हेट मारून निवृत्त झालेली माणसे शहरात गल्लोगल्ली सापडतात. काका त्यांपैकी एक. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेल्या सहा आसनी विमानाला २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी मिळाली, तेव्हा काकांच्या डोक्यात किडा शिरला. त्यांचे विमान मात्र लहान, दोन आसनी. तेही धातूचे नाही. अमेरिकेत बर्ट रुटान यांनी १९७०च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीने ते बांधले जात आहे: निळा फोम तापत्या तारेने कापायचा, त्यावर काचतंतूंचे कापड अंथरायचे आणि इपॉक्सी चढवायचे. साचा लागत नाही. लहान पंख पुढे, मोठा पंख मागे, इंजिन पाठीशी, आणि मोठ्या पंखाच्या दोन्ही टोकांना विंगलेट, म्हणजे लहान उभी पाती.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एफआरपीचे (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचे) काम करणाऱ्या एका ओळखीच्या कारखानदाराने शेडचा कोपरा दिला. तो बसचे बंपर, पाण्याच्या टाक्या, असली कामे करतो. कापड कसे भिजवायचे आणि हवेचे बुडबुडे कसे काढायचे हे काकांनी त्याच्याकडून शिकून घेतले. पुतणी इलेक्ट्रॉनिक्सची अभियंता आहे, तिच्याकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आहे. या परवान्याचा पुढे फार उपयोग झाला.

प्रश्न नेमका काय होता

काकांचे म्हणणे एका वाक्यात होते: “माझ्या विमानाला मिशा नकोत.”

विमानाला एक अँटेना लागत नाही, घोळकाच लागतो. नियंत्रण कक्षाशी बोलायला ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ. व्हीओआर आणि लोकलायझर या जमिनीवरून दिशा दाखवणाऱ्या केंद्रांसाठी १०८ ते ११८. रडारला उत्तर देणाऱ्या ट्रान्सपाँडरला १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न येतो आणि तो १०९० वर उत्तर देतो. जीपीएस १५७५.४२ वर ऐकतो. अपघात झाला तर आपोआप ओरडणारा ईएलटी ४०६ आणि १२१.५ वर बोलतो. हे सगळे बाहेर लावले तर गुळगुळीत घासून काढलेल्या विमानावर चार-पाच दांड्या उभ्या राहणार.

काका वाऱ्याच्या अवरोधाचा मुद्दा पुढे करत. पुतणीने तो हिशेब मांडून पाहिला. ५५ सेंटीमीटर लांब आणि ४ मिलिमीटर जाड दांडी ताशी २५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात धरली, तर समुद्रसपाटीच्या हवेत तिच्यावर सुमारे आठ न्यूटन बल येते. म्हणजे जेमतेम पाऊण किलोचा ओढा आणि पाऊण अश्वशक्तीच्या आसपास खर्च. एवढ्या चकचकीत विमानाचा वेग त्याने ताशी एखाद-दीड किलोमीटर घटेल, आणि माशाच्या परासारखा चपटा अँटेना लावला तर तेवढाही घटणार नाही. अवरोधाचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

पण याच हिशेबाच्या ओघात खरी अडचण वर आली. काकांचा आयुष्यभराचा अनुभव धातूच्या विमानांचा. धातूच्या विमानावर दांडी लावली की खालचा अख्खा पत्रा तिचा दुसरा अर्धा भाग होतो, कोणाला काही करावे लागत नाही. काचतंतूच्या अंगावर तीच दांडी लावली तर तिला पायाखाली जमीनच नाही. आतून तांब्याच्या पट्ट्या किंवा जाळी चिकटवून ती जमीन तयार करावी लागते. म्हणजे अँटेना बाहेर ठेवला तरी निम्मे काम कातडीच्या आतच करायचे होते. मग उरलेला निम्मा भागही आत का नको, हा प्रश्न आपोआप उभा राहिला. माझ्या मते लपवण्याचे समर्थन करणारे एवढे एकच कारण पुरेसे होते, सौंदर्य हा वरचा नफा.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळे अँटेना बाहेर लावण्याचा. काम ओळखीचे, दुरुस्ती सोपी, पण जमिनीची जाळी आलीच. शिवाय हँगरमध्ये ढकलताना कोणाच्या तरी खांद्याला लागून दांडी वाकणे हा नित्याचा प्रकार.

दुसरा, तयार अँटेना आयात करून कातडीच्या आत बसवण्याचा. पैसे बरेच, आणि तो आपल्या विशिष्ट फोम-काचेत कसा वागेल हे विकणारा सांगू शकत नाही.

तिसरा, तांब्याची चिकटपट्टी फोमवर लावून डायपोल (दोन सारख्या बाहूंचा अँटेना) करायचा आणि त्यावरून काचेचे थर चढवायचे. घरगुती काचविमानांत हा मार्ग अनेक दशके वापरात आहे. सामान स्वस्त, पण एकदा थर चढला की हात लावता येत नाही.

काकांना तिसरा पटला, पण त्यांनी त्यात आपली भर घातली: बोलण्याचा अँटेना मोठ्या पंखात आडवा टाकायचा. तिथे जागा मुबलक, केबल छोटी आणि सरळ. पुतणीने साफ नकार दिला. विमान आणि नियंत्रण कक्ष यांच्यातले बोलणे उभ्या ध्रुवीकरणात चालते, म्हणजे लहरी उभ्या हेलकावतात. व्हीओआरचे संकेत आडव्या ध्रुवीकरणात असतात. उभ्याचे आडव्याला ऐकवायला गेले की प्रत्यक्षात वीस डेसिबलच्या आसपास फटका बसतो. तिने काकांना तो असा समजावला: “काका, शंभर रुपयांची मनिऑर्डर करायची आणि पोस्टमनने एक रुपया हातावर ठेवायचा.” काका यावर दोन दिवस गप्प होते, असे ती सांगते.

आणखी एक पर्याय कारखानदाराने नकळत आणला. त्याच्याकडे एका गाडीच्या कामातून उरलेले कार्बन फायबरचे कापड होते, ते त्याने फुकट देऊ केले. काळी विणलेली चमक पाहून काकांना विंगलेटचा वरचा थर त्याचाच करावासा वाटू लागला.

निर्णय कसे झाले

‘लपवायचे की नाही’ असा एकच प्रश्न न ठेवता प्रत्येक अँटेनाचा निकाल वेगळा लावायचा, हा या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय. तो पुतणीचा.

कार्बनचा निकाल सगळ्यात आधी लागला. कार्बनचे तंतू वीज वाहतात. रेडिओलहरींच्या दृष्टीने कार्बनची कातडी ही जवळपास पत्र्याचीच कातडी. नुसते सांगून काका ऐकणार नाहीत हे ओळखून तिने जीपीएस मॉड्यूल लॅपटॉपला जोडून टेबलावर ठेवले. त्यावर काचेची वाळलेली पट्टी धरली, उपग्रह दिसत राहिले. मग तेवढ्याच आकाराचा कार्बनचा तुकडा चारी बाजूंनी झाकेल असा वाकवून ठेवला. पडद्यावरचे आकडे पटापट कोसळले. ते कापड आता खुर्च्यांच्या हातांवर आणि उपकरणांच्या पॅनेलवर चढले आहे, आणि तिथे ते शोभतेही.

बोलण्याचा अँटेना विंगलेटमध्ये, उभा. एक उजवीकडे, एक डावीकडे. व्हीओआरचा पुढच्या लहान पंखात, आडवा, इंग्रजी व्हीसारखा वाकवून. सरळ डायपोलचा रोध मोकळ्या जागेत ७३ ओहमच्या जवळपास असतो, बाहू वाकवले की तो ५० कडे झुकतो आणि केबलही ५० ओहमचीच असते. जीपीएस नाकाच्या वरच्या झाकणाखाली, पॅनेलमधल्या पडद्यांपासून शक्य तितका लांब. कारण असे पडदेही बारीक आवाजात काहीबाही पुटपुटत असतात आणि उपग्रहांचा संकेत मुळातच क्षीण.

ट्रान्सपाँडरचा मात्र बाहेर. इथे काकांनी बरीच हुज्जत घातली. १०९० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी भरते सात सेंटीमीटरपेक्षा किंचित कमी. पोटाखालची बोटभर काडी, अवरोध नगण्य. आत लपवली तर ती बसणाऱ्यांच्या मांड्यांजवळ येणार, आणि ट्रान्सपाँडरचे स्पंद क्षणापुरते का होईना शंभर-दोनशे वॉटचे असतात. लांब न्यावी तर केबल आड येते. साध्या आरजी-५८ केबलमध्ये या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे अर्ध्या डेसिबलहून जास्त शक्ती वाया जाते. त्यामुळे पोटाखाली, आतून चौदा सेंटीमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची चकती लावून, छोट्या केबलवर ती बसवली. काका त्या काडीला अजून ‘मिशी’च म्हणतात.

ईएलटीचा विचार वेगळ्या अंगाने झाला. हे यंत्र विमान मोडल्यावर चालायला हवे. अँटेना सुंदर जागी आणि यंत्र दुसऱ्या टोकाला असेल, तर मधली केबल तुटते आणि यंत्र मुकाट्याने ओरडत बसते. म्हणून यंत्र आणि अँटेना एकाच मजबूत भागात, हातभर अंतरात ठेवले. दिसले तर दिसू दे, यावर या वेळी काका स्वतःच ठाम होते.

प्रत्यक्ष काम

१२७ मेगाहर्ट्झ हा बोलण्याच्या पट्ट्याचा साधारण मध्य. तिथे तरंगलांबी २.३६ मीटर, म्हणजे डायपोलचा एकेक बाहू कागदावर ५९ सेंटीमीटर. तांब्याच्या रुंद पट्टीला तो थोडा आखूड घ्यावा लागतो, म्हणून सुरुवात ५६ ने केली. पण विंगलेटला हात लावण्याआधी पुतणीने टाकाऊ फोमचा लांब तुकडा घेऊन त्यावर तसाच अँटेना केला. नुसत्या फोमवर तो १२६ च्या आसपास बोलत होता. त्यावर विंगलेटइतकेच काचेचे थर चढवून, वाळवून पुन्हा मोजले तर १२० वर उतरला. काच-इपॉक्सी लहरींचा वेग कमी करते, त्यामुळे तेवढीच पट्टी विजेच्या हिशेबाने लांब ठरते. हा नमुना केला नसता तर पहिला अँटेना पट्ट्याच्या खालच्या टोकाला जाऊन बसला असता, आणि कातडीखाली कायमचा. शेवटी बाहू साडेबावन्न सेंटीमीटरचे ठरले. पट्टी तेरा मिलिमीटरऐवजी पंचवीसची घेतली, कारण रुंद पट्टी फ्रिक्वेन्सीच्या जास्त रुंद पट्ट्यावर नीट चालते आणि ११८ ते १३७ हा पल्ला डायपोलसाठी लहान नाही.

झाळकामाची एक अडचण पत्र्यावर काम केलेल्या माणसाच्या लक्षात सहज येत नाही. निळा फोम पॉलिस्टायरीनचा असतो. तापती कावी जवळ नेली की त्यात खड्डा पडतो. म्हणून केबल पट्ट्यांना टेबलावरच झाळून, गार करून, मग ती सगळी जुळणी फोमवर चिकटवली. चिकटपट्टीच्या गोंदावर विसंबून दोन तुकडे एकमेकांवर नुसते दाबायचे नाहीत, प्रत्येक जोड झाळायचा. तो गोंद वीज वाहतो असे पाकिटावर छापलेले असले तरी काही वर्षांनी तो काय करील याची हमी कोण देणार.

डायपोल समतोल असतो, कोएक्स केबल (मधे तार, भोवती जाळीचे वेष्टण) तशी नसते. मधे काही न करता जोडले तर केबलचे बाहेरचे वेष्टणही अँटेनाचा भाग होऊन बसते. त्यासाठी केबलवर, जोडाच्या अगदी जवळ, फेराइट या चुंबकीय सिरॅमिकची कडी ओवतात. काकांनी रविवारच्या बाजारातून जुन्या संगणकांच्या पॉवर सप्लायमधली कडी स्वस्तात आणली होती. दिसायला अगदी तशीच. पण ती किलोहर्ट्झच्या कामासाठी बनवलेली, व्हीएचएफवर त्यांचा भरवसा नाही. ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे: अँटेना मोजणीयंत्राला लावायचा आणि केबलवरून हात फिरवायचा. हात फिरला की आकडे हलत असतील तर वेष्टणावर प्रवाह वाहतो आहे. बाजारातल्या कड्यांनी आकडे हलले. व्हीएचएफसाठी योग्य फेराइटची तीन कडी मागवून घातली, तेव्हा आकडे जागचे हलेनात.

मोजणीसाठी नॅनोव्हीएनए हे खिशात मावणारे अँटेना-मोजणीयंत्र वापरले. त्यातही एक मेख आहे. पॅनेलच्या टोकाकडून मोजले तर सहा मीटर केबलमधला सुमारे एक डेसिबलचा व्यय परत येणारी शक्ती दोनदा खातो आणि वाईट अँटेनासुद्धा गुणी दिसतो. म्हणून मोजायचे ते अँटेनाच्या मुळाशी. तिथे मध्याला एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचे माप, एक म्हणजे काहीच नाही) १.३ आला आणि दोन्ही टोकांना दोनच्या थोडा वर. दोनला फक्त अकरा टक्के शक्ती परत येते. त्यावर आणखी झिजत बसण्यात अर्थ नव्हता आणि ती बसलीही नाही.

एसडब्ल्यूआर चांगला म्हणजे अँटेना चांगला असे नाही. ५० ओहमच्या रोधकाचाही एसडब्ल्यूआर उत्तम असतो आणि तो काहीच प्रक्षेपित करत नाही. लहरी कोणत्या दिशेला किती जातात हे पाहायचे तर प्रक्षेपण करायला हवे, आणि विमानाच्या पट्ट्यावर परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही. विमानासाठीचा वायरलेस परवाना अजून हातात नव्हता. इथे पुतणीचा हॅम परवाना कामी आला. तिने फोमचा तंतोतंत त्याच मापाचा दुसरा विंगलेट कापला, त्यात १४५ मेगाहर्ट्झसाठी त्याच प्रमाणात आखूड केलेला अँटेना घातला आणि तो जुन्या फिरत्या खुर्चीवर बांधला. मागे इंजिनाच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा उभा केला. मी रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशी लॅपटॉप आणि एसडीआर (लॅपटॉपवर चालणारा रेडिओ रिसीव्हर) घेऊन बसलो. हातातल्या एफएम सेटवरचे काटे अशा कामाला निरुपयोगी, संकेत थोडा जरी बरा असला तरी ते टोकाला चिकटतात. पुतणी खुर्ची थोडीथोडी फिरवत गेली. विंगलेट माझ्या बाजूला असताना संकेत जवळपास सपाट होता. तो पलीकडे गेला, मधे पत्रा आला, की सहा ते आठ डेसिबल खाली.

दोन्ही विंगलेटमध्ये अँटेना ठेवायचे यावर या मोजणीने शिक्कामोर्तब केले. उजवा मुख्य रेडिओला. डाव्याची केबल पॅनेलवर एका जोडाशी आणून सोडली आहे. मुख्य रेडिओ बंद पडला तर हातातला सेट तिथे लावायचा. कॉकपिटमध्ये हातात धरलेल्या सेटच्या रबरी शेपटीपेक्षा तो कितीतरी लांब बोलेल.

उजवा विंगलेट डिसेंबरात बंद केला. निफाडचा पारा वर्तमानपत्रात मथळ्याला आला की अंबडलाही रात्री इपॉक्सी घट्ट व्हायचे नाव घेत नाही. प्लास्टिकचा तंबू करून आत दिवे लावून ठेवले आणि तो नीट पिकला.

मध्येच उपटलेली भानगड

विंगलेट बंद झाला, आकडे तसेच राहिले, सगळे खूश. मग पंखाच्या टोकाचा एलईडी दिवा जोडला. एसडीआर लावून दिवा चालू केला आणि ११८ ते १३७ मधला गोंगाट सुमारे बारा डेसिबलने वर उडाला.

एलईडी दिव्यांत व्होल्टेज जुळवणारा छोटा स्विचिंग परिपथ असतो. तो सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो आणि त्याची पिलावळ व्हीएचएफपर्यंत पोचते. धातूच्या विमानात असा दिवा पत्र्याच्या एका बाजूला आणि अँटेना दुसऱ्या बाजूला असतो, मधे भिंत. इथे दिव्याची वायर विंगलेटच्या पुढच्या कडेने, अँटेनाच्या खालच्या बाहूला समांतर, वितभर अंतरावरून गेली होती. वायर टाकली काकांनी, अँटेना टाकला पुतणीने. दोघांच्या नकाशांवर आपापली रेषा होती, पण दोन्ही एकाच कागदावर नव्हत्या.

पर्याय तीन होते. विंगलेट फोडून अँटेना हलवायचा, दिवा बदलायचा, किंवा वायर हाताळायची. फोडण्याच्या विरोधात काकांइतकीच पुतणीही होती. अँटेना योग्य जागी होता, परकी वस्तू वायर होती. वायर नळीतून नेलेली असल्याने ती ओढून काढता आली. तिच्या जागी पीळ दिलेली, वेष्टणाची वायर घातली आणि दिव्याच्या मुळाशी फेराइट लावले. गोंगाट बराच बसला, पण पूर्ण नाही. तेव्हा दिव्याचा परिपथ वेगळा करून पंखाच्या मुळाशी हलवला आणि टोकाला नुसते एलईडी ठेवले. आता दिवा लावल्या-विझवल्याचा फरक एसडीआरवर शोधावा लागतो.

उलट दिशेचा त्रासही निघाला. नकली विंगलेट पंखाला टेकवून १४५ वर पाच वॉटने बोलले की इंधन दर्शकाचा काटा टाकी भरल्यासारखा वर जाई. काका हसले, “बोलत राहा, पेट्रोल वाचतंय.” सेन्सरच्या वायरवर कपॅसिटर आणि फेराइट बसवल्यावर काटा शांत झाला. लपवलेल्या अँटेनाची ही ठरलेली किंमत आहे: तो विमानाच्या बाहेर राहत नाही, वायरिंगच्या घरातच राहायला येतो.

रंगाचा वाद मात्र आपोआप मिटला. काकांना चंदेरी मेटॅलिक हवा होता. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या कणांनी अँटेनावर काय परिणाम होईल हे पाहायला पुतणीने नमुना तयारही केला होता. पण फोम-इपॉक्सीचे विमान उन्हात तापू नये म्हणून पांढरेच रंगवायचे, हा या पद्धतीतला जुना दंडक आहे. एप्रिलच्या दुपारी शेडबाहेर ठेवलेल्या गडद तुकड्याला हात लावून पाहिल्यावर काकांनीच पांढरा डबा आणला.

आजची स्थिती

दोन्ही विंगलेट बंद आहेत. डावीकडे दिव्याची नळी विंगलेटमध्ये शिरतच नाही, ती पंखाच्या टोकालाच संपते. त्यामुळे तिथला अँटेना पहिल्या दिवसापासून शांत आहे. पुढच्या पंखातला व्हीओआर अँटेना मुंबईचा संकेत जमिनीवरून धरत नाही. मधे सह्याद्री असल्यावर तो धरेल अशी अपेक्षाही नव्हती, त्याची खरी परीक्षा हवेतच. डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) कागदपत्रे आणि वायरलेस परवाना यांची वाट चालू आहे. तोवर विमानाच्या रेडिओवरून कोणी एक शब्द बोललेले नाही.

वेगळे काय करता आले असते

दिवा, वायर आणि अँटेना यांची एकत्र चाचणी विंगलेट बंद करण्याआधी, नुसत्या चिकटपट्टीने बांधून करता आली असती. दिवा तेव्हा शेडमध्येच, खोक्यात पडून होता. त्याहून साधे म्हणजे रचना आणि वायरिंग एकाच नकाशावर काढणे. डाव्या बाजूच्या वेळी त्यांनी ते केले, फोमवरच मार्करने सगळ्या रेषा मारून, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढून ठेवले. उद्या कोणी तिथे भोक पाडायला निघाला तर तांबे कुठे आहे ते कळेल.

केबल आणि अँटेना यांच्या जोडावर झाकण ठेवायला हवे होते की नाही, यावर दोघांचे आजही पटत नाही. पुतणीचे म्हणणे, झाळलेला जोड कधीतरी तुटणार आणि तेव्हा तळहाताएवढ्या झाकणाने अख्खा विंगलेट वाचेल. काका म्हणतात की ताण घेणाऱ्या कातडीला भोक पाडून दुबळे करायचे आणि मग त्याला सोय म्हणायचे, हे ओझरला कोणी खपवून घेतले नसते. माझे मत पुतणीकडे झुकते, पण फक्त विंगलेटच्या बुडाशी, जिथे थर आधीच जाड आहेत, तिथपर्यंत जोड खाली आणता येत असेल तरच. पण या डायपोलला केबल मध्यावर जोडलेली आहे, म्हणजे जोड विंगलेटच्या ऐन मधोमध. तो बुडाशी आणायचा तर अँटेनाची जातच बदलावी लागेल आणि खाली जमिनीच्या पट्ट्या पसराव्या लागतील. पुतणी सध्या तसा एक नमुना फोमवर करून पाहते आहे. चांगला निघाला तरी तो या विमानात जाणार नाही. कारखानदाराला आता स्वतःचे विमान बांधायचे आहे, ते त्याच्यासाठी.